ड्रॉइंगमध्ये न लिहिलेलं काम

उत्साही: काका, हे ड्रॉइंग बघा आणि ही वस्तू काय करते ते सांगा. टायटल ब्लॉकमध्ये ‘हेडफोन अ‍ॅक्सेसरी’ एवढंच लिहिलंय, खाली पार्ट नंबर. ज्या हेडफोनवर ती बसणार त्याचं ड्रॉइंग दिलेलं नाही. विचारलं की गोपनीयतेच्या करारावर बोट ठेवतात. सिलिकॉनची लंबगोल रिंग आहे, तळहातावर मावेल एवढी. आतल्या बाजूला पातळ ओठ. वरच्या कडेला सहा मिलिमीटर रुंदीची खाच, तिथे भिंत अगदी कागदासारखी. खाचेच्या बरोबर समोर एक मिलिमीटरचं भोक, आणि त्या भोकाला टॉलरन्स प्लस-मायनस तीस मायक्रॉन! आमच्याकडे आजवर वायरिंग हार्नेसच्या कनेक्टरचे सील आणि ग्रोमेट व्हायचे. इंजिनाचे पार्ट करणारे शेजारी ईव्हीच्या धास्तीनं नवं काम शोधायला लागले, तसे आम्हीही लागलो आणि हे हाती आलं. पहिले सॅम्पल निघाल्यापासून भोसरीच्या आमच्या शॉपमध्ये दुसरा विषय नाही. कोणी म्हणतं घामाचं कव्हर आहे, कोणी म्हणतं नुसती शोभा. माझं म्हणणं असं, की वस्तू नीट वाचली तर तिचं काम तीच सांगते.

संशयी: वस्तू काही सांगत नाही रे, आपण तिच्या तोंडी घालतो. जुन्नरच्या पुढे नाणेघाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातून चढून येणाऱ्या तांड्यांकडून जकात घेत आणि नाणी त्या रांजणात टाकत, हे तिथे जाणारा प्रत्येक ट्रेकर छातीठोकपणे सांगतो. जवळच्याच लेण्यात नागनिकेचा लांबलचक शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे. रांजणात काय टाकत ते मात्र त्यात नाही. जकातीची नाणी असतील, वाटसरूंसाठी पाणी असेल, आणखी काही असेल. पण गोष्ट इतकी चपखल बसली की आता तिला पुरावा मागणाराच वेडा ठरतो. तुमच्या शॉपमध्ये तेच चाललंय. समोर वस्तू आहे, माहिती नाही, आणि हातात मोकळा वेळ. अंदाज बांधायला माझी ना नाही. पण सगळ्यांना पटलेला अंदाज खरा असतोच असं नाही. तो फक्त ऐकायला बरा असतो.

उत्साही: रांजणाचं ड्रॉइंग नव्हतं काका, याचं आहे. आणि ड्रॉइंगवर माणूस उगाच रेघ ओढत नाही, कारण प्रत्येक रेघेला पैसे पडतात. बघा, मोल्डमधून निघालेला माल २०० अंशांच्या भट्टीत चार तास पोस्ट-क्युअर करायला सांगितलाय. वीज जाते, वेळ जातो, ट्रे अडकून पडतात. हे कोण मागतो? सिलिकॉनमध्ये राहिलेले उडून जाणारे घटक निघून जावेत, वास राहू नये, कातडीला त्रास होऊ नये, असं ज्याला वाटतं तो. दुसरी खूण: पार्टिंग लाइन, म्हणजे मोल्डचा सांधा, बाहेरच्या कडेला घ्या, आतल्या ओठावर फ्लॅश, म्हणजे सांध्यातून आलेला पापुद्रा, अजिबात चालणार नाही, अशी टीप आहे. म्हणजे तो ओठ कशावर तरी घट्ट टेकणार आणि हवा अडवणार. तिसरी: कडकपणा तीस शोअर ए. कनेक्टरच्या सीलसारखाच मऊ, पण आकार कनेक्टरचा नाही, कानाभोवतीचा आहे. आता चौथी, खाच. कानाभोवती बसणाऱ्या वस्तूला वरच्या बाजूला सहा मिलिमीटरची पातळ जागा कशाला हवी? चष्म्याची काडी जायला! हेडफोनची किंवा इयरमफची गादी चष्म्याच्या काडीवर टेकली की तिथे फट पडते, आवाज आत शिरतो आणि काडी कानामागे रुतते ती वेगळीच. आपल्या पट्ट्यात सेफ्टी गॉगल आणि इयरमफ एकत्र घालणाऱ्या कोणालाही विचारा. चार खुणा आहेत आणि चारही एकाच दिशेला बोट दाखवतात.

संशयी: शितावरून भाताची परीक्षा होते, पण आधी पातेल्यात भात आहे हे ठाऊक असावं लागतं. मी चाळीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली आहेत. ड्रॉइंगवर उगाच ओढलेल्या रेघा मी भरपूर पाहिल्यात. डिझायनरसमोर कोरा कागद कधीच नसतो. जुन्या पार्टची फाइल उघडायची, नाव बदलायचं, आकार बदलायचा. टिपा तशाच राहतात. तुझी पोस्ट-क्युअरची टीप दुधाच्या बाटलीच्या निपलच्या ड्रॉइंगवरून आली नसेल कशावरून? ते तीस मायक्रॉन मागच्या कुठल्या तरी कामाचं ओझं असेल. खाच चष्म्यासाठी असेल. वायर बाहेर काढायला असेल. किंवा रिंग काढताना नख घालायला असेल. भोक आतल्या हवेचा दाब सोडायला असेल, आवाज गाळायला असेल, नाहीतर असेंब्लीत उलटी बसू नये म्हणून खुणेचं असेल. आणि समज, सगळ्या खुणा खऱ्या धरल्या, तरी आकारातून काम कळतंच असं नाही. २०१३ साली ‘प्रेसी’ नावाचं एक बटण आलं. हेडफोनच्या भोकात बसणारी पिन, डोक्यावर एवढीशी कळ. लोकांनी किकस्टार्टरवर सहा लाख डॉलरांहून जास्त पैसे आगाऊ दिले. ती पिन आपल्या इन्स्पेक्शन टेबलावर आली असती, तर ती कुठे बसते हे पोरांनी मिनिटात सांगितलं असतं. ती दाबल्यावर टॉर्च लागतो, फोटो निघतो की फोन लागतो, हे मात्र जन्मात कळलं नसतं, कारण ते पिनेत नव्हतंच. फोनमधल्या अ‍ॅपमध्ये होतं.

उत्साही: मान्य. जिथे काम सॉफ्टवेअरमध्ये दडलंय तिथे कॅलिपर हरतो. पण माझ्या रिंगमध्ये ना चिप, ना वायर, ना पिन. तिला जे करायचंय ते अंगानंच करायचंय: दबायचं, अडवायचं, टेकायचं. अशा वस्तूचं काम तिच्या अंगावर दिसतं. आणि टीप कॉपी झालेली असेल या तुमच्या शंकेला एक कसोटी आहे. ज्या टिपेला गिऱ्हाईक सहज सोडून देतं ती कॉपीची. जिच्यासाठी भांडतं ती खरी. मी पोस्ट-क्युअर दोन तासांवर आणू का विचारलं, तर उत्तर आलं, चालेल, पण वासाची चाचणी पास करून दाखवा. भोकाचा टॉलरन्स वाढवून मागितला, तर दहा मिनिटांत फोन आला: एक मायक्रॉनही मिळणार नाही. म्हणजे भोक कामाचं आहे. खुणेच्या भोकासाठी असा कोणी भांडत नाही. हवा किंवा आवाज मोजून सोडायचा असेल, तरच माणूस तीस मायक्रॉनसाठी हटून बसतो. गिऱ्हाईक बोलत नाही म्हणता ना? भावाच्या घासाघिशीत ते भरपूर बोलून जातं.

संशयी: ही युक्ती मला आवडली. निदान पाण्यातल्या म्हशीचं शिंग तरी तू चाचपलंस. पण तू जे ओळखलंस ते काय आहे, ते नीट बघ. तू ओळखलंस, की भोक मोजून काहीतरी सोडतं आणि ओठ काहीतरी अडवतो. ते कोणाला हवंय आणि कशापायी, हे त्यात कुठे आलं? बनवणाऱ्यालासुद्धा ते पक्कं ठाऊक असतं असं समजू नकोस. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ला बाजारात आला, तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी कळ. एकट्यानं गाणी ऐकत बसणं समोरच्याला उद्धटपणाचं वाटेल अशी अकिओ मोरिता यांना काळजी होती. म्हणून दोघांनी मिळून ऐकावं अशी सोय केली, आणि कळ दाबली की गाणं हळू होऊन मायक्रोफोनमधून एकमेकांशी बोलता यावं. सगळं विचारपूर्वक, ड्रॉइंगवर चोख. लोकांनी काय केलं? ज्यानं त्यानं आपापला वॉकमन घेतला आणि कान झाकून एकट्यानं चालू पडले. पुढे ती नारिंगी कळ गेली. आज कोणी ती दोन भोकं वाचायला बसला तर तुझ्या पद्धतीनं अचूक वाचेल: हे यंत्र दोघांसाठी आहे. आणि त्या यंत्रानं जगाला नेमकं काय शिकवलं, ते त्याच्या हातून निसटेल. वस्तूचं प्रयोजन ड्रॉइंगवर ठरत नाही, ते वापरणारा ठरवतो. मग तू भोसरीत बसून ते ओळखलंस काय आणि नाही ओळखलंस काय, फरक काय पडतो? ड्रॉइंग म्हणजे करार. मापात माल दे, पैसे घे.

उत्साही: फरक पडतो, आणि तो तुमच्याच खात्यात पडतो. गिऱ्हाईकानं आमच्याकडून प्रोसेस एफएमईए, म्हणजे काय बिघडू शकतं त्याचा तक्ता, मागितलाय. आम्ही गाड्यांच्या कामातले, आयएटीएफचे ऑडिट देणारे, म्हणून त्यांनी आमची पद्धत जशीच्या तशी मागितली. आता तो फॉर्म आठवा. काय बिघडू शकतं या रकान्यात मी लिहिलं: ओठावर फ्लॅश राहणे, भोक बुजणे, खाचेची भिंत फाटणे. पुढचा रकाना: परिणाम. आमच्या शॉपवर काय परिणाम, लिहिलं, स्क्रॅप. गिऱ्हाईकाच्या असेंब्लीवर काय, लिहिलं, लाइन थांबेल. तिसरी ओळ, शेवटच्या वापरणाऱ्यावर काय परिणाम? इथे पेन थांबतं. त्यावरून सिव्हिरिटी, म्हणजे दोषाची गंभीरता, ठरते, एक ते दहा. सिव्हिरिटीवरून ठरतं की शंभर टक्के तपासणी करायची की लॉटमागे पाच नग बघून सोडायचे. त्यावरून माणसं, गेज, भाव, सगळं. तुम्ही म्हणता प्रयोजनाशी मला काय करायचंय. मापात माल द्या म्हणणाऱ्या कंपन्यांनीच हा रकाना जगभर सक्तीचा केलाय. प्रयोजन माहीत नसेल तर तो प्रामाणिकपणे भरताच येत नाही.

संशयी: हं, आता तू मुद्द्याच्या जागी आलास. इतका वेळ शॉपमधल्या गप्पा होत्या, ही जबाबदारी आहे. बरं, मग काय आकडा टाकलास? गेमिंगवाल्या पोरांच्या हेडफोनवर चिकटवायचे मांजराचे कान मिळतात, रेझर कंपनी विकते. तुझी रिंग त्या जातीची असेल तर फाटून फाटून काय होईल? पोरगं हिरमुसेल. दोन लिही. गाणी ऐकताना गादी मऊ लागावी यासाठी असेल तर ओठावरच्या फ्लॅशनं कान खाजेल, चार लिही. पण तुझा चष्म्याचा अंदाज खरा असेल आणि ती रिंग प्रेस शॉपमधल्या इयरमफवर बसणार असेल, तर बुजलेलं भोक किंवा फाटलेली खाच म्हणजे माणसाच्या कानात गोंगाट. तिथे नऊ-दहाच्या खाली उतरता येत नाही. एकच वस्तू, एकच दोष, आणि आकडा दोनपासून दहापर्यंत कुठेही. तुझ्या चार खुणांनी यातला कोणता आकडा नक्की केला?

उत्साही: नक्की नाही केला, पण एका बाजूला झुकवला. आणि ती बाजू हलकी समजू नका. इयरमफच्या बाबतीत लोक डब्यावरच्या डेसिबलकडे बघतात. खरा हिशेब वेळेचा असतो. समजा, एखादा मफ तीस डेसिबल अडवतो. आठ तासांच्या पाळीत चष्म्याची काडी रुतते म्हणून, घाम येतो म्हणून, सुपरवायझरचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून, माणसानं तो सगळा मिळून अर्धा तास काढला. अर्धा तास म्हणजे पाळीचा सोळावा भाग. त्या अर्ध्या तासात कानानं जे घेतलं, त्यापुढे उरलेल्या साडेसात तासांतलं काहीच नाही. ऊर्जेचा हिशेब मांडला तर दिवसभराचं संरक्षण तीसवरून थेट बाराच्या आसपास येतं. मफ महाग घ्या, चाळीस डेसिबलचा घ्या, तरी बाराच. म्हणजे जी वस्तू एक डेसिबलही अडवत नाही, पण चष्म्यावर मफ टिकवते, घाम गादीत मुरू देत नाही, ती दहा डेसिबलच्या मफपेक्षा कामाची ठरते. आणि भोक? ते माणसाचा आवाज आणि फोर्कलिफ्टचा हॉर्न मोजून आत सोडण्यासाठी असेल तर? वादकांसाठी गाळणीचे इयरप्लग १९८० च्या दशकापासून आहेत. सगळं सारखं हळू करायचं, बंद नाही करायचं. मला यात शोभा दिसत नाही काका. मला यात कोणीतरी पाळीतला तो अर्धा तास वाचवायचा प्रयत्न करताना दिसतो.

संशयी: हिशेब बरोबर आहे, आणि म्हणूनच मला तुझी जास्त भीती वाटते. मघाशी तू खुणा वाचत होतास. आता तुला हवं ते वाचतोयस. चांगलं काम आपल्या हातून व्हावं ही इच्छा अंदाजाला कशी वळवते बघ. रिंग संरक्षणाची असती तर ड्रॉइंगवर त्याची जात दिसली असती. कानाच्या संरक्षणाच्या साधनांना आयएस ९१६७ हे भारतीय मानक आहे, युरोपात ईएन ३५२ आहे. तशा मालाला लॉट नंबर, खुणा, चाचणीचे कागद, बदल करायचा तर पुन्हा मंजुरी, असा लवाजमा असतो. तुझ्या टायटल ब्लॉकमध्ये त्यातलं काय आहे? काही नाही. लिहिलंय ‘हेडफोन’. बहिरेपणा ही थट्टेची गोष्ट नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवायच्या व्यवसायजन्य रोगांत, गोंगाटानं येणारा बहिरेपणा बसवला होता. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा. अमेरिकेतली नायॉश संस्था तर ८५ वरच थांबा म्हणते. इतक्या गंभीर कामाचा पार्ट कोणी ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणून, जोडीचा पार्ट न दाखवता, जॉबवर्कला देईल? दिला असेल तर तो गुन्हाच. दिला नसेल तर तुझी रिंग गाणी ऐकणाऱ्याची आहे, आणि तू दहा लिहून शंभर टक्के तपासणी लावलीस तर तुझा भाव दुप्पट होईल आणि काम समोरच्या गाळ्यात जाईल.

उत्साही: गाणी ऐकणाऱ्याची आहे म्हणता, पण हा गाणी ऐकणारा कोण? सकाळी चाकणच्या आंबेठाण चौकात कंपनीच्या बसमधून उतरणारी पोरं बघा. मोशीपासून कुरुळीपर्यंत ट्रॅफिकमध्ये बसलेली, प्रत्येकाच्या कानात काहीतरी. बसचं इंजिन, हॉर्न, यांच्यावर मात करायला आवाज वाढवलेला. पाळी सुटल्यावर कान आधीच दमलेले असतात, मग आवाज आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटना आणि दूरसंचाराची आयटीयू यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचं मोजमाप ठरवलं: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला चाळीस तास. प्रेस शॉपमध्ये आठवडा काढलेल्या पोराचे ते चाळीस तास बसमध्ये पाय ठेवण्याआधीच संपलेले असतात. याच पोराला ही मऊ रिंग मिळाली, ती हेडफोनला लावल्यावर बाहेरचा आवाज कमी झाला, की तो दुसऱ्या दिवशी तेच हेडफोन मशीनवर घालून उभा राहील. मोबाईल गेटवर जमा होतो, कॅमेऱ्याला स्टिकर लागतं, पण नुसते हेडफोन कोण अडवतो? मग सांगा, माझ्या रकान्यात शेवटचा वापरणारा कोणता धरू? कंपनीनं मनात धरलेला की प्रत्यक्षातला? मघाशी वॉकमनची गोष्ट तुम्हीच सांगितलीत. प्रयोजन वापरणारा ठरवतो, हे तुमचंच वाक्य.

संशयी: माझंच वाक्य माझ्या गळ्यात घातलंस, ठीक आहे. पण ते तुझ्याही गळ्यात पडतं. वापरणारा प्रयोजन ठरवतो असं म्हटलं की बनवणाऱ्याची जबाबदारी अमर्याद होते. मफऐवजी गाण्याचे हेडफोन घालणाऱ्याला मी सांगेन, की आवाज दाबणारे महागडे हेडफोन इंजिनाची घरघर, एसीचा आवाज असा सतत चालणारा जाडा आवाज छान दाबतात. प्रेसचा ठोका, हातोड्याचा घाव अशा अचानक येणाऱ्या आवाजासाठी ते बनवलेले नाहीत आणि संरक्षणाचं साधन म्हणून तपासलेलेही नाहीत. पण ते सांगायचं काम कंपनीचं, सेफ्टी ऑफिसरचं. रिंग ओतणाऱ्याचं नाही. उलट्या टोकाचं उदाहरण घे. ३० मार्च २०२२ला डायसननं ‘झोन’ नावाचा हेडफोन जाहीर केला. त्याला तोंडासमोर लावायची एक कमान, कानावरच्या पंख्यांतून गाळलेली हवा नाकाशी येणार. कित्येकांना वाटलं एप्रिल फूलची थट्टा दोन दिवस आधी आली. थट्टा नव्हती, यंत्र खरंच हवा गाळत होतं. प्रयोजन कंपनीनं ओरडून सांगितलं होतं, अंदाज बांधायची गरजच नव्हती. तरी २०२४ मध्ये त्यांनी नवा हेडफोन आणला तो कमानीशिवाय. पार्ट काय करतो, कंपनीला तो कशासाठी हवा होता आणि लोकांनी त्याचं काय केलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुला ड्रॉइंगवरून कळेल, दुसरी विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि तिसरी विकल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

उत्साही: मग माझं भांडण दुसरीसाठी आहे. पहिली मी ओळखेन, तिसरी देवावर सोडेन. पण दुसरी माहीत असूनही आमच्यापासून लपवली जाते, हे मला पटत नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, मोठे कारखाने आले, त्यांच्यामागे आमच्यासारखे गाळे आले. तेव्हापासून या पट्ट्यात एकच रीत: वरच्यानं विचार करायचा, खालच्यानं माप पाळायचं. गाडीचा पार्ट असेपर्यंत हे खपलं, कारण गाडी डोळ्यांसमोर होती. ग्रोमेट कुठे बसतो हे पोराला रस्त्यावरच्या टेम्पोचं बॉनेट उघडून दाखवता यायचं. आता जे काम येतंय त्याचा मालक परदेशात, वस्तू अजून बाजारात यायचीय, आणि आम्हाला फक्त पार्ट नंबर. आंधळेपणानं केलेलं काम मापात बसतं, पण त्यात सुधारणा होत नाही. ओठ हवाबंद हवा हे कळलं असतं तर मी मोल्डमधल्या गेटची जागा बदलून सुचवली असती, दोघांचा फायदा झाला असता.

संशयी: गोपनीयतेला शिव्या देऊ नकोस. तुझ्याच गल्लीत एक डायमेकर दोन वैरी कंपन्यांचे मोल्ड एकाच टेबलावर घासतो. चहाच्या टपरीवर जे बोललं जातं ते संध्याकाळपर्यंत तळेगावला पोहोचतं. उद्या नवी वस्तू आणणाऱ्या माणसानं तोंड बंद ठेवलं तर त्याचं बरोबर आहे. पण तुझ्या शेवटच्या वाक्यात काहीतरी सापडलंय. हेडफोन कोणाचा, विकणार कुठे, नाव काय, हे तुला कळायची गरज नाही. तुला कळायला हवं एवढंच, की ओठ हवाबंद हवा की नुसता मऊ. भोक बुजलं तर वापरणाऱ्याचं काय जाईल, मजा की कान. हे सांगायला गिऱ्हाईकाला गुपित फोडावं लागत नाही. जोडीचा पार्ट न दाखवता दोन ओळींत सांगता येतं.

उत्साही: आणि त्यांनी उत्तर दिलं, ‘ड्रॉइंगप्रमाणे करा’, तर? बहुतेक वेळा हेच उत्तर येतं. मग मी काय करू, काम परत करू? पोरांचे पगार कोण देणार? की स्वतःच्या अंदाजावर नऊ लिहून भाव वाढवू आणि काम गमावू? की तीन लिहून गप्प बसू आणि कधीतरी एखाद्या प्रेसवाल्याच्या कानावर माझीच रिंग बघू? तुम्ही प्रश्न नीट मांडून दिलात, पण तो सुटला नाही.

संशयी: नाही सुटला, आणि आपल्या दोघांच्या बोलण्यानं सुटणारही नाही. तुझा अंदाज चष्म्याचा आहे, माझा गाण्याच्या गादीचा. दोघांपैकी एक चुकणार, कदाचित दोघंही. पण एक गोष्ट आजच्या आज करता येते. तुझ्या शॉपमधल्या पोरांना अंदाज बांधू दे, त्यातून त्यांची नजर तयार होते. भोकासाठी गिऱ्हाईक भांडलं हे तुझ्या लक्षात आलं ते त्याच नजरेमुळे. फॉर्मवर मात्र अंदाज लिहू नकोस. शेवटच्या वापरणाऱ्याच्या ओळीत आकडा टाकण्याआधी गिऱ्हाईकाला मेल कर: हा भाग कानाच्या संरक्षणासाठी वापरला जाणार आहे का, हो किंवा नाही. ‘नाही’ आलं तर गाण्याच्या गादीचा आकडा लिही आणि ते उत्तर फाइलला लाव. ‘हो’ आलं तर नऊ-दहा लिही आणि वाढीव भाव उजळ माथ्यानं माग. आणि ‘ड्रॉइंगप्रमाणे करा’ आलं, तर तेच वाक्य तारखेसह त्या रकान्यात उतरव आणि त्यांची सही घे. बघ, सही करताना ते पहिल्यांदा स्वतःला विचारतील, की हा पार्ट नेमका कशासाठी आहे.